शॉकअप नंतर, आधी टेप!

वारणानगरातनं कोडोलीकडं जाताना गाडीवर मागं बसलेल्या माणसाचा चेहरा कधी नीट बघितलाय? चालवणाऱ्याला समोरचा स्पीडब्रेकर दिसतो. तो ब्रेक मारतो, हँडल घट्ट धरतो, पायांवर थोडं वजन घेतो. मागच्याला समोर दिसतं फक्त तुमचं हेल्मेट. त्याला स्पीडब्रेकर कळतो तो थेट मणक्यात.

त्यात ती मागची व्यक्ती तुमची आई किंवा आजी असेल तर विचारूच नका. साडीत एका बाजूला बसलेल्या बाईला दोन्ही पाय दोन्हीकडं टेकवून उठता येत नाही. एक हात तुमच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. शिवाय मागची सीट जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच असते, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त दणका तिलाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता यावा असा. आपल्याकडच्या गावातले स्पीडब्रेकर हे माप बघून घातलेत की ट्रॉलीत उरलेलं डांबर संपवायला, हे तुम्हीच ठरवा.

मग काय होतं? कॉलेजातला एखादा भाऊ रील बघतो. पिवळ्या स्प्रिंगा, बाजूला चकचकीत डबा, ‘गॅस शॉकअप’. पार्टटाइमचे किंवा स्टायपेंडचे पैसे साठवून तो जोडी मागवतो, गॅरेजमध्ये बसवतो, फोटो टाकतो. पंधरा दिवसांनी आई मागं बसते आणि म्हणते, “आधीचंच बरं होतं की रं.” भाऊ वैतागतो. खरं तर शॉकअप चांगलेच असतात. फक्त ते कुणाच्या वजनाला लावलेत, हे कुणी बघितलेलंच नसतं.

आज त्याबद्दलच बोलू. मी मास कॉमची विद्यार्थिनी, इंजिनिअरिंगची नव्हे. पण गेले काही दिवस गॅरेजच्या बाकड्यावर बसून आणि गाडीसोबत मिळणारी पुस्तकं वाचून (हो, ती वाचता येतात!) एवढं कळलंय, की या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू शंभर रुपयांच्या आत मिळते. शिंप्याची किंवा सुताराची टेप.

स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ असं पूर्ण नाव गॅरेजमध्ये कुणी घेत नाही. शॉकअप म्हटलं की झालं. पण या एका शब्दात दोन वेगळी यंत्रं लपलीत. बाहेर दिसते ती स्प्रिंग. तिचं काम वजन पेलायचं आणि खड्ड्यात दाबलं जायचं. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर पुढं बराच वेळ नाचत राहील. ती नाचू नये म्हणून आतल्या नळीत तेल असतं. त्या तेलातून एक दट्ट्या वरखाली होतो, दट्ट्याच्या बारीक भोकांमधून तेल कसंबसं वाट काढतं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरून जाते. वाईट रस्त्यावर तासभर गाडी पळवून शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल. ती उष्णता म्हणजे तुमच्या पाठीपर्यंत न पोचलेले दणके.

आता ‘गॅस’ म्हणजे काय? गॅसवर गाडी तरंगत नाही. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि थोडी हवा एकत्र असते. सतत वरखाली झालं की ताकाला येतो तसा तेलाला फेस येतो. फेसातून दट्ट्या सहज सरकतो आणि शॉकअप ढिला पडल्यासारखा वागतो. तेलावर दाबाखालचा नायट्रोजन ठेवला की फेस धरायला वेळ लागतो. बाजूच्या डब्यात बहुतेक हाच नायट्रोजन आणि जास्तीचं तेल असतं. पल्सरच्या शॉकअपवर ‘नायट्रॉक्स’ लिहिलेलं असायचं ते याचसाठी. म्हणजे गॅसचा खरा फायदा लांबच्या, सलग खराब रस्त्यावर. गल्लीतून कॉलेजपर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीला त्याचा फरक पडला तर तो फोटोतच.

‘हार्ड केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

मागच्या शॉकअपच्या खाली किंवा वर खाचांची एक रिंग असते. स्प्लेंडरला पाच खाचा, नव्या क्लासिक ३५० ला सहा. अर्धचंद्रासारख्या पान्यानं ती फिरवली की मिस्त्री म्हणतो, “हार्ड करून दिलं बघ.” आपणही मान डोलावतो. पण ती रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून एक साधा हिशेब करू.

समजा एक स्प्रिंग आहे, तिच्यावर एक किलो ठेवला की ती एक मिलिमीटर दबते. ६० किलो ठेवले की ६० मिलिमीटर दबली. आता रिंग फिरवून तिला आधीच २० मिलिमीटर दाबून ठेवलं. म्हणजे पहिले २० किलो ती न हलता पेलणार. आता ६० किलो ठेवले तर ती फक्त ४० मिलिमीटर खाली जाईल. गाडी उंच उभी राहिली. पण त्यावर आणखी दहा किलो टाकले की? दोन्ही वेळेला दहाच मिलिमीटर. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहिला, बदलली ती फक्त गाडीची उभं राहायची उंची. याला प्रीलोड म्हणतात.

उंचीनं काय होतं? शॉकअपला वरखाली जायला ठरावीक जागा असते. गाडी आधीच खाली बसली असेल तर खड्ड्यात दबायला जागा उरत नाही, रबरी स्टॉपर आदळतो आणि तो ‘ठक’ आवाज येतो. उलट गाडी पूर्ण वर ताणलेली असेल तर चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा नसते, ते हवेत राहतं आणि मग आपटतं. दोन्ही वेळेला मागचा माणूस म्हणणार, शॉकअप हार्ड आहेत. दोघांवरचा इलाज मात्र बरोबर उलटा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच रस्त्यावर रोज पहाटे दिसतं. दुधाची गाडी. ४० लिटरचे दोन कॅन दोन बाजूंना अडकवले तर नुसत्या दुधाचं वजन ८० किलोच्या वर जातं, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड. कॅनचं वजन वेगळं. म्हणजे एक अख्खा पैलवान मागं बसलाय, तोही चाकाच्या थेट वर. दूधवाले रिंग शेवटच्या खाचेवर ठेवतात ते योग्यच. पण संकलनाला दूध घालून तीच गाडी रिकाम्या कॅनसह परत निघते तेव्हा तिची काय अवस्था असते ते बघा. बारीक दगडावरनंही ती उडते, कॅन खडखडतात, ब्रेक मारला की मागचं चाक फरफटतं. जाताना आणि येताना गाडी एकच, पण वजनाच्या हिशेबानं दोन वेगळ्या गाड्या. दिवसातून दोनदा रिंग फिरवत कोण बसणार, हे मान्य. पण तुम्ही दूध घालत नसाल आणि गाडी एखाद्या दूधवाल्याकडून सेकंडहँड घेतली असेल, तर घरी आल्या आल्या पहिली ती रिंग बघा.

हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर

आरामाचं सोडा, यात जीवाचाही प्रश्न आहे, आणि तो ऊसपट्ट्यात जास्त आहे.

साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गळीत हंगाम. या काळात वाठार ते बोरपाडळे रस्त्यावर रात्री गाडी चालवणं काय असतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. उसानं भरलेल्या डबल ट्रॉल्या, त्यातल्या कैकांना मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर वाड्याखाली झाकलेला. रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली तर काळोखातली भिंतच.

आता तुमची गाडी घ्या. मागं मित्र बसला, रिंग पहिल्या खाचेवर, मागची बाजू खाली बसली. मागची बाजू खाली गेली म्हणजे पुढची वर आली आणि तिच्यासोबत हेडलाइटही. उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यावर. समोरून येणारा शिव्या देतो, तुम्हाला वाटतं यालाच डिपर द्यायची अक्कल नाही. आणि पुढच्या ट्रॉलीचं चाक दिसायला हवं तिथं अंधार.

हे एकदा करून बघाच. रात्री एखाद्या भिंतीपासून पाच-सहा मीटरवर गाडी उभी करा. एकटे बसा, उजेडाची वरची कड भिंतीवर कुठं येते ते खडूनं आखा. मग मित्राला मागं बसवा. कड किती वर सरकते ते डोळ्यांनी दिसेल. रिंग दोन खाचा वर घेतली की ती परत खाली येते. खर्च शून्य रुपये. यासाठी कुठलाही पिवळ्या स्प्रिंगचा शॉकअप लागत नाही.

आता टेप काढा

नवे घ्यायचे असोत की जुन्यावरच भागवायचं असो, माप एकच. त्याला सॅग म्हणतात. म्हणजे गाडी स्वतःच्या आणि तुमच्या वजनानं किती खाली बसते. काश्मीरमध्ये गुलमर्गला बर्फावर ज्या स्नोमोबाइल पळतात, त्यांना मागं चाकच नसतं, रुंद पट्टा असतो आणि शॉकअप त्या पट्ट्याच्या पोटात. तिथंही नवे शॉकअप बसवले की आधी मागच्या बंपरची उंची मोजतात, मग माणूस बसवून पुन्हा मोजतात. बर्फ असो की कोडोलीचा रस्ता, सुरुवात टेपनंच.

वारणानगरातल्या एका गॅरेजबाहेर मी हा कार्यक्रम पूर्ण बघितला. होस्टेलवरचा एक पोरगा साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन आला होता. नव्या शॉकअपची जोडी खोक्यात. मिस्त्रीमामांनी खोकं बाजूला ठेवलं आणि आधी टायरमधली हवा बघितली. हवा कमी होती. हवा कमी असलेला टायर स्वतःच एक ढिला शॉकअप असतो, त्यामुळं त्याआधी काहीही मोजणं म्हणजे चप्पल घालून उंची मोजण्यासारखं.

मग गाडी डबल स्टँडवर. मागचं चाक अधांतरी. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका बोल्टपर्यंत टेप धरली, ६०० मिलिमीटर. गाडी स्टँडवरून खाली घेतली, कुणी न बसता सरळ धरली, सीट दोन-तीनदा दाबून सोडली आणि पुन्हा मोजलं, ५८८. म्हणजे स्वतःच्या वजनानं १२ खाली. मग तो पोरगा हेल्मेट, बॅग, बूट सगळं घालून बसला, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकानं पुढून हँडल धरलं. ५६०. एकूण ४० मिलिमीटर.

त्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला साधारण १०० मिलिमीटर जागा. रस्त्यावरच्या गाडीत चालवणारा बसल्यावर त्यातली चौथा हिस्सा ते एक तृतीयांश जागा वापरली जावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे २५ ते ३३. इथं ४० निघाले. रिंग वर घेतली, पुन्हा मोजलं. रिकामी ५९६, माणूस बसल्यावर ५६८. सॅग ३२. बसलं गणित!

इथं एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकारातली भारी गोष्ट हीच. प्रीलोड वाढवून माणूस बसल्यावरचं माप बरोबर आलं, पण रिकामी गाडी अजिबात खाली बसत नाही, शून्य सॅग, असं झालं तर? आपल्याला वाटेल स्प्रिंग फारच कडक आहे. प्रत्यक्षात ती तुमच्या वजनाला मऊ आहे. मऊ स्प्रिंगला नको इतकं आवळून तुम्ही ती उंची ओढून आणलीत. आणि उलट, माणूस बसल्यावर माप बरोबर, पण रिकामीच गाडी बरीच खाली बसते, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक. ५० किलोच्या मुलीनं ९० किलोच्या भावाची गाडी घेतली की हेच होतं. अशा वेळी रिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. स्प्रिंग बदलावी लागते. आणि तेव्हाच, फक्त तेव्हाच, नव्या शॉकअपचा खर्च खरा कामाला येतो. (किंवा आतलं तेल गळायला लागलं असेल, दांडा वाकला असेल, सीट दाबून सोडल्यावर गाडी तीनचारदा डुलत असेल तेव्हा. तो तर नाइलाज.)

त्या पोराची स्प्रिंग त्याच्या वजनाला बरोबर निघाली, पण डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेल उतरलेलं होतं. म्हणून जोडी बदलायचं ठरलं. एक गळका असला तरी दोन्ही बदलायचे. एक नवा आणि एक दमलेला अशी जोडी गाडीला वळणावर वेडंवाकडं ढकलते.

खोकं उघडताना

विकत घेताना रंगापेक्षा चार गोष्टी बघा. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच हवी. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप किंवा खाली जोडायचे पट्टीचे तुकडे मिळतात. ते घेऊ नका. मागची बाजू वर उचलली की पुढच्या फोर्कचा तिरका कोन उभा होतो, हँडल नको इतकं चपळ होतं, साइड स्टँड तोकडा पडतो आणि चेन स्विंग आर्मला घासायला लागते. दुसरं, बुशच्या आतलं भोक तुमच्या बोल्टच्या मापाचं हवं. जरा मोठं असेल तर पॅकिंग घालून भागवू नका. कोल्हापुरात उद्यमनगरसारखी जागा असताना लेथवर नीट मापाचा बुश करून घ्यायला काय हरकत आहे? तिसरं, स्प्रिंग किती वजनासाठी आहे ते विक्रेत्याला विचारा. उत्तर “सगळ्यांना चालतंय” असं आलं तर दुकान बदला. आणि चौथं, बाजूचा डबा. काही स्वस्त शॉकअपवरचा डबा नुसता शोभेचा असतो, त्याच्या आणि मुख्य नळीच्या मध्ये तेलाला जायला वाटच नसते.

चांगले ब्रँड म्हणजे परदेशीच असं नाही. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉकअप करतेय, तिचा एक कारखाना चाकणला आहे. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स १९८५ पासूनची. तुमच्या गाडीचे मूळ शॉकअप यांच्यापैकीच कुणी बनवलेले असण्याची बरीच शक्यता आहे. साध्या गाडीला मूळ कंपनीची नवी जोडी काही हजारांत येते. डब्याचे, क्लिकवाले दहा-वीस हजारांच्या घरात जातात. नीट मापलेली साधी जोडी बेमाप महागड्या जोडीपेक्षा बरी, हे मी आईच्या मतावरून सांगतेय.

बसवण्याचं काम दोन शॉकअपच्या गाडीत तसं सोपं, पण क्रम महत्त्वाचा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. एक काढायचा, नवा लावायचा, बोल्ट हलका धरायचा, मग दुसरी बाजू. दुसरा जागेवर असतो म्हणून स्विंग आर्म खाली पडत नाही आणि भोकं समोरासमोर राहतात. वॉशर कुठल्या बाजूला कसे होते त्याचा मोबाइलवर आधीच फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत सायलेन्सर थोडा सैल केल्याशिवाय उजवा बोल्ट निघत नाही. हातोड्यानं ठोकायची वेळ आली म्हणजे काहीतरी तिरकं बसलंय, थांबा. आणि बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून, पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं. लांब पाइप लावून अंगावर येईल तेवढा जोर देणं म्हणजे आवळणं नव्हे.

बसवल्यावर तीन गोष्टी. चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा, कारण मागची उंची बदलली की तोही बदलतो. डबा किंवा स्प्रिंग कुठं घासत नाही ना बघा, मागं दोघांना बसवून, दाबून. आणि साडीगार्ड. नवा जाड शॉकअप साडीगार्डला टेकतो म्हणून ते सरळ काढून टाकणारे महाभाग आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागं बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्म्या मागच्या चाकाला झाकणारं संरक्षण गाडीला असावंच लागतं. ज्या आईच्या पाठीसाठी शॉकअप बदलले, तिचाच पदर चाकात जायची सोय करायची का?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तेही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि परवानगी नसलेले बदल केले तर कलम १८२-अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्यामुळं त्याच लांबीचा, त्याच जागी बसणारा, तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला शॉकअप घ्या, बिल जपून ठेवा. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी शोरूममध्ये विचारा.

मोनोशॉक असेल तर

दोनाऐवजी मध्ये एकच शॉकअप, ही कल्पना बेल्जियमच्या ल्युसिआँ टिल्केन्स यांची. यामाहानं ती उचलली आणि १९७३ मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन त्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला. आपल्याकडं २००४ मध्ये होंडा युनिकॉर्न मोनोशॉक घेऊन आली, २००८ मध्ये यामाहाच्या आर १५ आणि एफझी आल्या, आणि मग कॉलेजच्या पार्किंगमध्ये ‘मोनो आहे का?’ हा प्रश्न सुरू झाला.

मोजायची पद्धत इथंही तीच. पण काढायचं काम घरी करू नका. एकच शॉकअप असल्यानं तो निघाला की गाडीची मागची बाजू सरळ खाली बसते. ती फ्रेमखाली पक्क्या स्टँडवर तोललेली हवी. आणि गॅसचा कुठलाही शॉकअप खोलायचा, तापवायचा, वेल्ड करायचा नाही. आत दाबाखाली नायट्रोजन आहे, तो मिस्त्रीची ओळख विचारत नाही.

क्लिक मोजायचे, अंदाजानं फिरवायचे नाहीत

महागड्या शॉकअपवर प्रीलोडशिवाय आणखी एक-दोन बारीक नॉब असतात. खालचा बहुतेक रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगानं परत वर यावा. डब्यावरचा असेल तर तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे किती सहज दबावा. फिरवताना ‘टिक टिक’ क्लिक लागतात. आधी नॉब हलक्या हातानं घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद करा, मग कंपनीनं सांगितलेत तेवढे क्लिक उलटे मोजा. ती तुमची सुरुवात. वहीत लिहा. बंद करताना जोर लावलात तर आतली सुई खराब होते.

रिबाउंड कमी असेल तर गाडी खड्ड्यानंतर होडीसारखी डुलते. जास्त असेल तर वेगळीच गंमत. एकापाठोपाठ एक पाच-सहा पट्टे आले (शाळेपुढं असतात तसे) की पहिल्या पट्ट्यावर दबलेला शॉकअप वर यायच्या आत दुसरा पट्टा येतो, मग तिसरा. तो प्रत्येक पट्ट्याला आणखी खाली बसत जातो आणि शेवटच्या पट्ट्यावर दगडासारखा लागतो. माणूस म्हणतो, “लई हार्ड आहे,” आणि प्रीलोड कमी करतो. त्यानं आणखी बिघडतं. काढायला हवे होते रिबाउंडचे दोन क्लिक.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच रस्ता, तोच वेग, तोच मागचा माणूस. इथल्यांसाठी सोयीचा रस्ता म्हणजे कोडोलीवरून गिरोली घाटानं जोतिबा. खाली गावातले स्पीडब्रेकर, मध्ये उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले पट्टे, वर वळणं आणि चढ, सगळं एका फेरीत मिळतं. जाताना एक सेटिंग, वर चहा, दोन क्लिक, उतरताना दुसरं. आणि मत मागच्याला विचारा. चालवणाऱ्याला नवीन शॉकअप आवडतातच, त्यानं पैसे दिलेले असतात.

त्या होस्टेलच्या पोरानं तेच केलं. नव्या जोडीवर पुन्हा टेप लावून एकट्यासाठी तिसरी खाच आणि मागं कुणी बसणार असेल तेव्हा पाचवी, हे टाकीखाली बारीक चिकटपट्टीवर पेननं लिहून घेतलं. मिस्त्रीमामांनी दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला परत बोलावलंय, कारण नवे बुश जागेवर बसले की बोल्ट किंचित सैल पडतात. जुन्या जोडीतला चांगला उजवा शॉकअप त्यानं भंगारात दिला नाही. तेल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, उभा करून कॉटखाली ठेवलाय.